साडेसात हजारांची वायर

सीडी प्लेअरचा आवाज ॲम्प्लिफायरपर्यंत पोचवायचा, एवढंच तर काम होतं. पण त्यापायी एक चादर, एक दहा रुपयांचं नाणं आणि चक्क बाबांचे कान पणाला लागले.

"सर, कान तयार असतील तर फरक लगेच कळतो."

दुकानातला मुलगा हे अगदी गोड हसून म्हणाला. वय साधारण माझ्याएवढंच. काळा टी-शर्ट, गळ्यात आयकार्ड. आणि ज्यांना तो हे सांगत होता ते माझे बाबा समोरच्या मऊ सोफ्यावर बसले होते. त्यानं आधी एक साधी केबल लावून गाण्याचा तुकडा वाजवला होता. मग जाडजूड, निळ्या कापडी वेष्टणातली दुसरी केबल लावून तोच तुकडा पुन्हा. बाबांनी दोन्ही वेळा डोळे मिटून ऐकलं आणि जे वाटलं ते सांगितलं, "मला तर सारखंच वाटलं बुवा." त्यावर हे उत्तर.

बाबा पुढे काही बोलले नाहीत. चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत बसले.

माझे बाबा कुणी गवई-बिवई नाहीत. निवृत्त सरकारी नोकर, वय ६३. पण सवाई गंधर्व भरला आणि बाबा गेले नाहीत, असं गेल्या चाळीस वर्षांत झालेलं नाही. रमणबागेत भारतीय बैठकीवर शाल गुंडाळून त्यांनी रात्रीच्या रात्री काढल्यात. शेजारच्या क्लासमधला तबला जरा उतरला असेल तर हे घरात पोहे खाता खाता अस्वस्थ होतात. अशा माणसाला एका दीड मीटरच्या वायरीवरून कुणीतरी कानांचं सर्टिफिकेट द्यावं?

मला जाम राग आला. आणि रागाच्या भरात मी काय केलं असेल? ती निळी केबल विकत घेतली! तेव्हा डोक्यातलं लॉजिक असं होतं की दुकानातली सिस्टिम परकी, गाणं परकं, एसीची घरघर वेगळीच. घरी आपल्या स्पीकर्सवर, आपल्या सीडीवर बाबांना फरक नक्की कळेल. मग बघतेच. कार्ड स्वाइप झालं, साडेसात हजार गेले. फ्रीलान्स पत्रकाराला एका लेखाचे किती मिळतात हे इथे सांगत नाही, संपादक वाचतात. पण त्यात दोन लेख गेले आणि वर रिक्षाभाडंही.

तपकीर गल्लीतला सल्ला

मुळात ही वेळ का आली ते सांगते. आमच्या हॉलमधली सिस्टिम १९९८ची आहे. बाबांना एरियर्स मिळाले होते आणि आईला त्यातून सोन्याच्या पाटल्या करायच्या होत्या. घरात ॲम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर्स आले. (पाटल्यांचा विषय आमच्याकडे अजूनही निघतो.) २००३मध्ये त्यात सीडी प्लेअरची भर पडली. तेव्हापासून सकाळचा पहिला चहा मल्लिकार्जुन मन्सूर किंवा किशोरीताईंबरोबर, हा घरचा शिरस्ता.

गेल्या वर्षी त्या प्लेअरचा डावा चॅनल आधी खरखरायला लागला आणि मग बंदच पडला. एका बाजूचा तानपुरा गायब. बाबांनी आठवडाभर तसंच ऐकलं आणि मग ऐकणंच सोडून दिलं. सकाळी फोनच्या चिमुकल्या स्पीकरवर काहीतरी लावून, तो फोन स्टीलच्या वाटीत ठेवून बसायचे. ते दृश्य मला बघवेना.

म्हणून मी प्लेअर उचलला आणि बुधवार पेठेत तपकीर गल्लीत नेला. तिथल्या एका काकांनी तो उघडला, मीटर लावला आणि मान हलवली. आवाज बाहेर काढणारा आयसी गेलेला, आणि तो आता मिळत नाही. पण त्यांनी प्लेअर उलटा करून मागचं एक भोक दाखवलं. "हे डिजिटल आउट चालू आहे. एक डॅक घ्या, इथून काढा."

डॅक म्हणजे डिजिटल टू ॲनालॉग कन्व्हर्टर. सीडीवर गाणं आकड्यांच्या रूपात असतं. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करायचं काम प्लेअरच्या पोटातलं एक सर्किट करतं. आमच्या प्लेअरचं त्या पुढचंच अंग गेलं होतं, आकडे मात्र शाबूत बाहेर पडत होते. म्हणजे तेच काम बाहेरच्या एका छोट्या डबीला दिलं की वीस वर्षांचा प्लेअर पुन्हा उभा. डबी नऊ हजारांना आली. नवा बरा प्लेअर घ्यायचा तर त्याच्या कितीतरी पट मोजावे लागले असते.

"आणि मधे केबल कुठली लावायची?" मी विचारलं.

"घरी जुना डीव्हीडी प्लेअर असेल ना? त्याची पिवळी वायर लावा. बास."

मला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर अपमान झाल्यासारखं वाटलं. नऊ हजारांच्या डबीला माळ्यावरची फुकट पिवळी वायर? इतक्या हौसेनं करतोय तर जरा नीट करू, असं म्हणून मी बाबांना घेऊन त्या मऊ सोफावाल्या दुकानात गेले. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

ड्रॉवरमधली फाइल

निळी केबल लागली. दोन्ही स्पीकर्समधून तानपुरा घुमला. बाबांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं त्यासाठी डॅकचे नऊ हजार मी पुन्हा देईन. पण दुसऱ्या दिवशी ते न विचारताच म्हणाले, "हो हो, या केबलनं जास्त मोकळं वाजतंय." तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बाबा उगाच कौतुक करणाऱ्यातले नाहीत. भात कच्चा असला तर ते कच्चाच म्हणतात, मग समोर पाहुणे असोत. त्यामुळे मला शंका आली.

दोन आठवड्यांनी, केबल परत करता येईल का बघावं म्हणून मी बिल शोधत होते. टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये बिलाच्या खाली एक फाइल सापडली. कान-नाक-घशाच्या डॉक्टरची. आत बाबांचा ऑडिओग्राम, दुकानात गेलो होतो त्याच आठवड्यातला. बाबा कुणाला काही न सांगता एकटेच कान तपासून आले होते.

ऑडिओग्राम म्हणजे कुठल्या पट्टीचा आवाज किती मोठा केल्यावर ऐकू येतो याचा आलेख. साधारण २५० हर्ट्झपासून ८,००० हर्ट्झपर्यंत. बाबांची रेघ ४,०००पर्यंत बऱ्यापैकी सरळ आणि तिथून पुढे खाली उतरलेली. डॉक्टरांनी वयानुसार एवढं होतंच असं लिहिलं होतं. आणि ते खरंच आहे, वय वाढलं की वरच्या पट्टीचं ऐकू येणं आधी कमी होतं. गाण्याच्या हिशेबात बघा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर असतो आणि तार षड्ज २७७वर. ४,०००च्या वर असते ती स्वरांची झळाळी, व्यंजनांची धार, तारेचा सळसळाट. ते थोडं कमी होणं वाईटच, पण म्हणून कुणाचे कान बाद होत नाहीत.

बाबांनी मात्र ती रेघ आणि ते वाक्य एकमेकांना जोडून टाकलं होतं. कान तयार असतील तर कळतं. आपल्याला कळत नाही. म्हणजे कान गेले. मग लेकीचे साडेसात हजार वाया गेले असं तिला वाटू नये म्हणून रोज सकाळी "मोकळं वाजतंय."

फाइल जिथल्या तिथे ठेवली. आणि मुंबईत एका स्टुडिओत साउंड इंजिनिअर असलेल्या माझ्या मैत्रिणीला फोन लावला. मला एकच गोष्ट विचारायची होती. असा फरक असतो का?

"अगं, तू ओटीपी कधी फोनवर सांगितलायस का कुणाला?" तिनं उलट विचारलं.

तिचा फंडा असा. रेंज खराब आहे, फोनमध्ये खरखर आहे, तरी समोरच्याला "चार, सात, नऊ, दोन" कळलं तर ओटीपी पोचला. पूर्ण पोचला. लाखाच्या फोनवरून सांगितलेला ओटीपी जास्त गोड नसतो आणि स्वस्त फोनवरचा बेसूर नसतो. डिजिटल केबलमधून असेच आकडे जातात. सीडीच्या एका सेकंदाचे ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, डावा आणि उजवा मिळून १४,११,२०० बिट. त्यात सोनी आणि फिलिप्स यांनी ठरवलेल्या एस-पीडीआयएफ पद्धतीची बांधणी मिसळली की केबलमधून सेकंदाला सुमारे २८ लाख बिट धावतात. ऐकायला खूप वाटतं. पण दीड मीटरच्या तांब्याच्या वायरीला हे काम अगदीच किरकोळ आहे.

"आणि बिघडलं तर ते लपून राहत नाही," ती म्हणाली. "चटचट आवाज येतात, मधेच गाणं तुटतं किंवा एकदम शांतता. डिजिटल केबल बिघडली म्हणून तानपुरा जरासा कोरडा वाटतोय, असं कधी होत नाही."

ॲनालॉग केबलची गोष्ट वेगळी. तिथे प्रत्यक्ष आवाजाचीच लाट जात असते, त्यामुळे बाहेरची घरघर तिच्यात मिसळली तर ती गाण्याचा भाग होऊन बसते. बहुतेक लोकांच्या डोक्यात हा अनुभव पक्का असतो आणि तोच ते डिजिटलला लावतात. मीही लावला होता.

मग दुकानदार जिटर-जिटर म्हणतात ते काय, असं मी विचारलं. कारण त्या मुलानं तो शब्द पाच मिनिटांत किमान सहा वेळा वापरला होता. यावर मैत्रीण जरा थांबली. "ते अगदीच खोटं नाहीये." आकड्यांबरोबर लयही त्याच वायरीतून जाते, वेगळी घड्याळाची तार नसते. ठेका ऐकून आपण मात्रा धरतो, तसं डॅकला येणाऱ्या सिग्नलवरून लय पकडावी लागते. वायर चुकीच्या जातीची किंवा फारच लांब असेल तर सिग्नल टोकांवरून उलटा परावर्तित होतो, कडा बोथट होतात आणि लय किंचित डळमळते. पण आजचे बरे डॅक ही डळमळ आत शिरल्यावर स्वतःच निस्तरतात. आणि वायर योग्य जातीची, आखूड असेल तर निस्तरायला फारसं उरतही नाही. त्यासाठी साडेसात हजार लागत नाहीत.

तिनंच मला २००८चा किस्सा सांगितला. डेनॉन कंपनीनं तेव्हा दीड मीटरची एक केबल ४९९ डॉलरला बाजारात आणली होती. दिसायला आणि कामाला ती कॉम्प्युटरच्या नेटवर्क केबलसारखी, वर सिग्नल कुठल्या दिशेनं जायचा याचे बाण! तिची इतकी खिल्ली उडाली की लोकांनी ऑनलाइन दुकानात तिच्यावर भन्नाट विनोदी रिव्ह्यू लिहिले. एरवी हे ऐकून मी खूप हसले असते. पण माझ्याही केबलवर बाण होता.

चादर, नाणं आणि मटार

हे सगळं मी बाबांना जाऊन सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि मनात म्हणाले असते, पोरगी समजूत काढतेय. म्हणून रविवारी दुपारी दादाला बोलावलं आणि माळ्यावरून पिवळी वायर काढली.

व्यवस्था अशी. सीडी प्लेअर आणि डॅकपुढे दोरीवर चादर टांगली. दादा चादरीमागे. त्यानं दहा रुपयांचं नाणं उडवायचं. छापा आला तर निळी, काटा आला तर पिवळी. दर वेळी वायर काढून पुन्हा लावायची, तीच लावायची असली तरी, म्हणजे खुडबुडीवरून अंदाज येऊ नये. त्या वेळात ॲम्प्लिफायर म्यूट. किशोरीताईंच्या भूपाचा तोच एक मिनिटाचा तुकडा. आपण कागदावर लिहायचं, निळी की पिवळी. प्रत्येकी वीस वेळा. दादानं तोंडातून शब्द काढायचा नाही. (हे सगळ्यात अवघड गेलं.) आधी दोन्ही केबल सांगून ऐकवल्या, म्हणजे ओळख झाली.

वीसच का? मैत्रिणीनं सांगितलं होतं, नुसते अंदाज मारले तरी दहाच्या आसपास बरोबर येतातच. पंधरा किंवा जास्त आले तर काहीतरी खरंच ऐकू येतंय म्हणायला जागा आहे, कारण निव्वळ नशिबानं तसं होण्याची शक्यता साधारण २ टक्के.

पहिला नंबर माझा. आणि काय सांगू, मला फरक ऐकू येत होता! अगदी स्पष्ट. माझ्या कागदावर अजून आहे, "निळी. तानपुरा जास्त उघडा", "पिवळी नक्की, आवाज चपटा", "निळी, स्वराभोवती हवा आहे." मी इतकी खात्रीनं लिहीत होते की मधे मला त्या दुकानातल्या मुलाबद्दल थोडं वाईटसुद्धा वाटलं. बिचारा खरंच सांगत होता की काय!

मग बाबा बसले. डोळे मिटून, मांडी घालून, सवाईत बसतात तसे. प्रत्येक वेळी बराच वेळ घेऊन लिहीत होते. तिसरी आई. तिला हे सगळं खुळचटपणाचं वाटत होतं, त्यामुळे ती स्वयंपाकघराच्या दारात मटार सोलत बसली आणि तिथूनच "निळी... निळी... पिवळी... अरे लिही ना काहीतरी" असं ओरडत राहिली.

निकाल. मी वीसपैकी ८. बाबा ११. मटार सोलणारी आई १२.

"स्वराभोवती हवा" लिहिलं होतं तेव्हा माळ्यावरची पिवळी वायर लागलेली होती.

बाबांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. चष्मा वर सरकवून पुन्हा पुन्हा पाहिले. मग मला म्हणाले, "म्हणजे तुलाही कळत नाही?"

"नाही."

"तुझे कान बरे आहेत ना पण?"

"चांगले ठणठणीत आहेत."

"हं," म्हणाले आणि चहा टाकायला उठले. जाताना टीव्हीखालचा ड्रॉवर उघडून त्यांनी ती फाइल काढली आणि माझ्यासमोर टाकली. "हे बघून ठेव. वरच्या पट्टीचं थोडं गेलंय म्हणतात." आईनं मटार सोडले आणि फाइल आधी हिसकावून घेतली. पुढचा अर्धा तास केबल राहिली बाजूला आणि न सांगता डॉक्टरकडे का गेलात यावर सुनावणी झाली.

नंतर कधीतरी मैत्रिणीनं तिच्या स्टुडिओत आणखी एक गंमत करून पाहिली. दोन्ही केबलमधून तोच ट्रॅक डिजिटलच रेकॉर्ड केला, दोन्ही फाइली एकमेकींवर नेमक्या बसवल्या आणि एकीतून दुसरी वजा केली. उरलं शून्य. मीटरची काडीसुद्धा हलली नाही.

मग कुठली घ्यायची?

ऑफिसात आता मला लोक हेच विचारतात, बहुतेक नवीन साउंडबार घेतला की. तर आधी दुकानात जाऊ नका. तुमच्या मशीनच्या मागे वाका, टॉर्च मारा आणि भोकं बघा.

गोल भोक, वर कोॲक्शियल किंवा डिजिटल आउट लिहिलेलं, तर ७५ ओहमची वायर हवी. ७५ ओहम हे तिच्या जातीचं नाव समजा. बऱ्याच वायरींवर ते छापलेलंच असतं. जुन्या डीव्हीडीची पिवळी वायर चालते ती याचसाठी. व्हिडिओलाही ७५ ओहमच लागतं, म्हणून ती मुळातच त्या जातीची. लाल-पांढरी जोडी मात्र या कामासाठी बनलेली नाही. आखूड असेल तर तीही बहुतेक वेळा चालून जाते, पण कधी चटचट सुरू झाली तर नवल नको. आणि डबी लांब दुसऱ्या भिंतीला असेल तर डिशची जाड काळी वायर, आरजी-६, तीही ७५ ओहमच. टोकांना कनेक्टर बदलून मिळतात. आमच्या केबलवाल्यानं चहाच्या पैशात करून दिलं असतं.

चौकोनी भोक, आत लाल प्रकाश दिसतोय, तर ते ऑप्टिकल. तोशिबानं १९८३मध्ये आणलेली ही पद्धत. प्लास्टिकच्या बारीक धाग्यातून उजेड जातो, वीज नाही. आणि इथे मी एक कबुली देते. केबल बदलून आवाजात जमीन-अस्मानाचा फरक पडल्याचं मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, आमच्याच घरी.

आमच्या ॲम्प्लिफायरला सेट-टॉप बॉक्सही जोडलेला होता, लाल-पांढऱ्या ॲनालॉग वायरीनं. आणि स्पीकर्समधून कायम एक बारीक "हूंऽऽऽ" यायचं. टीव्हीवर जास्त, सीडीवर थोडं. इतकी वर्षं की बाबा त्याला तिसरा तानपुरा म्हणायचे, कुठल्याच सुरात न लागलेला. कारण सोपं निघालं. ॲम्प्लिफायरला घरातल्या थ्री-पिनचं अर्थिंग, आणि बॉक्सला बाहेरून येणाऱ्या केबलच्या जाळीतून दुसरंच अर्थिंग. दोन्ही वायरींनी जोडले गेले की त्या चक्रातून विजेचा ५० हर्ट्झचा आवाज घुमत राहतो. खात्री करायची तर बाहेरून येणारी केबल बॉक्समधून क्षणभर काढून बघा. हूं थांबलं तर चोर सापडला. मी लाल-पांढरी वायर काढून टाकली, त्याऐवजी टीव्हीच्या ऑप्टिकल भोकातून डॅकपर्यंत साडेचारशे रुपयांची केबल टाकली. प्लास्टिकमधून वीज जात नाही, चक्र तुटलं, हूं बंद. त्या दिवशी हॉलमध्ये जी शांतता पसरली ती आमच्या घरात बहुधा पहिल्यांदाच.

ऑप्टिकलचे नखरेही आहेत. तिला काटकोनात दुमडायचं नाही. टोकावरची पारदर्शक टोपी आधी काढायची. हसू नका, मी टोपीसकट दाबत बसले होते. 'टक्' असा आवाज येईपर्यंत आत ढकलायची. पाचेक मीटरच्या पुढे नेऊ नये. आणि फार उंच रेझोल्यूशनच्या फाइली ऐकत असाल तर बरीच ऑप्टिकल यंत्रं ९६ किलोहर्ट्झपर्यंतच साथ देतात, तिथे कोॲक्शियल किंवा यूएसबी बरी. सीडीला आणि रोजच्या गाण्याला दोन्हींत काडीचा फरक नाही.

आणखी एक, ज्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. टीव्ही ऑप्टिकलनं जोडला आणि स्पीकर ढिम्म. मी केबलला शिव्या घातल्या. केबलची काही चूक नव्हती. टीव्ही डॉल्बीचं पॅक केलेलं पार्सल पाठवत होता आणि दोन चॅनलच्या साध्या डॅकला ते उघडता येत नाही. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल आउटपुटला 'पीसीएम' निवडलं, झालं. केबल बदलायच्या आधी हे एकदा बघाच.

साउंडबार घेतलाय आणि ॲटमॉस ऐकायचंय? मग ऑप्टिकलचा नाद सोडा, त्यातून ते जात नाही. एचडीएमआय लावा, टीव्हीच्या ज्या भोकावर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलंय तिथेच. तिथेही सोन्याच्या मुलाम्याला भुलू नका. लॅपटॉपवरून गाणी ऐकणाऱ्यांनी डॅकबरोबर आलेली यूएसबी केबलच वापरावी. ती पाच मीटरच्या आत असली की पुरे.

आणि पैसे उरलेच तर स्पीकर्स भिंतीपासून फूटभर पुढे ओढा. ते फुकट आहे, आणि आईलाही ओळखू येतं. तिनं वीसपैकी वीस वेळा ओळखलं असतं, कारण झाडू मारताना अडतात.

परत दुकानात

राहता राहिली निळी केबल. दुकानात काउंटरवर पाटी होती, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. तीस दिवसांत फक्त बदलून मिळेल. एकोणतिसाव्या दिवशी बाबा म्हणाले, मीही येतो. खिशात पिवळी वायर आणि दहाचं नाणं.

तोच मुलगा होता. बाबांनी वायर काउंटरवर ठेवली आणि अगदी प्रेमानं म्हणाले, "तुमचे कान तयार आहेत. एक वीस वेळा होऊन जाऊ दे?"

मुलगा हसला. मग माझ्याकडे बघितलं, मग मॅनेजरकडे. मॅनेजर म्हणाले, शनिवारची गर्दी आहे सर. बाबा म्हणाले, काही हरकत नाही, मी थांबतो. आणि त्या मऊ सोफ्यावर जाऊन बसले. पेपर वाचला. कूलरचं पाणी प्यायले. तासाभरानं गर्दी ओसरली तसा तो मुलगा स्वतःच येऊन शेजारी बसला. नाणं मी उडवलं, वायरी दुसऱ्या मुलानं बदलल्या. आठ वेळा झालं, त्यात त्याचे चार बरोबर आले. मग मॅनेजरनी हाक मारली.

"सर, आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात तेच बोलतो आम्ही," तो हळूच म्हणाला.

"बोला की," बाबा म्हणाले. "पण दुसऱ्याच्या कानांवर नका जाऊ."

पैसे अर्थातच मिळाले नाहीत. साडेसात हजारांची क्रेडिट नोट मिळाली, मुदत सहा महिने. ती आता त्या ड्रॉवरमध्ये ऑडिओग्रामच्या फाइलवर पडून आहे. बाबांना त्या दुकानातलं काही नकोय. आईला मिक्सर हवाय, पण तिथे मिक्सर मिळत नाही.